चूल आणि वणवा

आपल्याकडे गावांच्या नावांना पाडा, वाडी, आळी, पूर अशी शेपटे असतात आणि त्या शेपटावरूनच वस्तीचा पूर्वेतिहास थोडाफार उमगतो. ऑस्ट्रेलिया खंडाच्या नैऋत्य कोपऱ्यात फिरताना असेच एक शेपूट सतत कानांवर पडते : 'अप'. मॅरिनप, बालिंगप, मंजिमप, जेरामंगप, ड्वेलिंगप. ही नावे इंग्रजी वळणाने लिहिली जात असली तरी ती इंग्रजी नव्हेत. तेथील मूळ रहिवासी असलेल्या नूंगार लोकांच्या भाषेत 'अप' म्हणजे ठिकाण. ड्वेलिंगप म्हणजे 'जवळ पाणी असलेले ठिकाण', असे सांगितले जाते. नाव ठेवणारे गेले, नाव राहिले, ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब पर्थ शहरी स्थायिक झाले आहे. त्यांच्याकडे मुक्कामाला असताना एका शनिवारी त्यांनी मला ड्वेलिंगपला नेले. पर्थपासून सुमारे शंभर किलोमीटर, डार्लिंग डोंगररांगेच्या माथ्यावर, पाचशेच्या आसपास लोकवस्तीचे हे गाव. चारी बाजूंना जारा वृक्षांचे अरण्य. बाहेरच्या माणसाला ते प्रथमदर्शनी एकसुरी वाटते. आपल्या सह्याद्रीतील रानासारखी वेलींची दाटी तेथे नाही. सरळसोट, तंतुमय सालीची, करड्या रंगाची झाडे आणि खाली चुरचुरणारा पालापाचोळा. पाऊस तेथे जून ते ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात पडतो, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. त्या पाचोळ्यावर पाय ठेवताच होणारा आवाज ऐकूनच त्या गावाच्या इतिहासातील मुख्य पात्र कोण असेल, हे कळून चुकते. ते पात्र म्हणजे अग्नी.

नूंगार लोकांचा या प्रदेशातील निवास किती जुना आहे? मार्गारेट रिव्हरजवळच्या 'डेव्हिल्स लेअर' या गुहेत मानवी वावराच्या ज्या खुणा सापडल्या, त्या सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. अब्राहामाचा काळ आपण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात धरतो. त्याच्याही कितीतरी पूर्वी ही माणसे तेथे शेकोटीभोवती बसत होती. त्यांचे वर्ष सहा ऋतूंचे. बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा आणि कंबारांग. ऋतू तारखेने नव्हे, तर फुलोरा, पक्ष्यांची पिले, वाऱ्याची दिशा यांवरून ओळखायचा. मकुरूच्या थंडीत समुद्रकाठ सोडून आत डोंगराकडे यायचे, उन्हाळ्यात पुन्हा पाणथळ जागांकडे उतरायचे. झामिया नावाच्या झाडाच्या विषारी बिया पाण्यात भिजवून, मातीत पुरून, विष काढून खायच्या. आपले कातकरी आणि वारली बांधव कडू कंद वाहत्या पाण्यात ठेवून गोड करतात, तीच ही विद्या.

पण या लेखात मला जिचा शोध घ्यायचा आहे ती आहे एका शब्दाची कथा. जॉर्ज फ्लेचर मूर हा आयरिश वकील १८३० मध्ये स्वान नदीकाठच्या नव्या वसाहतीत आला आणि त्याने नूंगार शब्दांचा संग्रह केला. तो १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'कल्ला' हा शब्द आहे. आज तो 'कारला' असाही लिहितात. मूरने त्याचा पहिला अर्थ दिला तो 'अग्नी'. आणि लाक्षणिक अर्थ दिला तो 'एखाद्या माणसाचा मुलूख, त्याची जमिनीतील मालमत्ता'. वाचकहो, क्षणभर येथे थांबा. आपणही गावात किती कुटुंबे आहेत हे विचारताना 'किती चुली आहेत?' असे म्हणतो. भाऊ वेगळे झाले की घरात दुसरी चूल मांडली जाते. ज्याची चूल त्याचे घर, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. नूंगार माणसाची चूल मात्र घरापुरती नव्हती. ती त्याच्या साऱ्या रानाला व्यापून होती.

आणि त्या रानाला तो स्वतः आग लावीत असे. किंग जॉर्ज साउंडच्या परिसरात १८४० च्या सुमारास जॉन लॉर्ट स्टोक्स या नौदल अधिकाऱ्याने हे दृश्य पाहिले व आपल्या प्रवासग्रंथात नोंदवून ठेवले. नूंगार मंडळी रानाचा एकेक तुकडा जाळीत होती आणि हातांतील हिरव्या फांद्यांनी ज्वाला आवरीत होती. दरवर्षी वेगळा तुकडा. ज्वाला झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाऊ द्यायची नाही. खालचे झुडूप तेवढे जळावे, गवताचे नवे कोंब फुटावेत, कांगारू चरायला यावेत, वाटा मोकळ्या राहाव्यात. डोंगरावरच्या जारा अरण्यात अशी जाळणी किती वर्षांच्या अंतराने होई, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. परंतु आग ही त्यांच्या हातातील वस्तू होती, त्यांच्या डोक्यावर कोसळणारी आपत्ती नव्हे, एवढे निश्चित.

मूरला 'कल्ला'चा अर्थ 'जमिनीतील मालमत्ता' हा कळला होता. त्याचा शब्दसंग्रह निघण्याच्या तेरा वर्षे आधी, १८२९ मध्ये, कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटलने ब्रिटिश राजाच्या नावाने हा सारा मुलूख निर्मनुष्य असल्यासारखा ताब्यात घेतला होता.

ड्वेलिंगपहून पश्चिमेला घाट उतरले की चोवीस-पंचवीस किलोमीटरवर मरे नदीच्या काठी पिंजारा हे गाव लागते. त्या भागातील नूंगार म्हणजे बिंजारेब. गोऱ्यांची गुरे आली, कुंपणे आली, शिकार पळाली. १८३४ च्या एप्रिलमध्ये काल्युट नावाच्या नायकाच्या नेतृत्वाखाली बिंजारेब लोकांनी पर्थजवळच्या पिठाच्या गिरणीतून पीठ लुटून नेले. पकडलेल्यांना फटके व कैद मिळाली. जुलैमध्ये ह्यू नेस्बिट हा तरुण मारला गेला. मग २८ ऑक्टोबर १८३४ रोजी सकाळी गव्हर्नर स्टर्लिंग स्वतः सुमारे पंचवीस जणांची सशस्त्र तुकडी घेऊन मरे नदीवर आला. एक टोळी पात्र ओलांडून हल्ला करण्यास गेली आणि बाकीचे अलीकडच्या तीरावर दबा धरून राहिले. माणसे पाण्यात उतरली ती दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. स्टर्लिंगने मृतांची संख्या सुमारे पंधरा दिली; नूंगार कुटुंबांच्या स्मृतीत ती कितीतरी अधिक आहे. वसाहतीच्या बाजूने कॅप्टन एलिस हा एकच अधिकारी जखमी होऊन पुढे वारला. शाळेच्या पुस्तकांत या प्रसंगाला पिढ्यान्‌पिढ्या 'पिंजाराची लढाई' असे म्हटले गेले. त्याला 'हत्याकांड' म्हणण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

त्या घटनेनंतर घाटावरील अरण्यात गोऱ्यांची वस्ती होण्यास मात्र बराच अवधी गेला. जमीन शेतीस निकस, उतार खडकाळ. पण लाकूड? जाराचे लाकूड तांबडेलाल, जड, आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. १८७२ मध्ये जाराडेल येथे मोठी गिरणी सुरू झाली. लंडनच्या रस्त्यांवर या लाकडाचे ठोकळे बसले. हिंदुस्थानातील लोहमार्गांखाली जाराचे स्लीपर आले. आपल्या आजोबा-पणजोबांनी आगगाडीतून प्रवास करताना कोठेतरी नूंगार भूमीवरच्या झाडांवरून प्रवास केला असण्याचा संभव आहे, असे मनात येते. १९१० मध्ये पिंजाराहून घाट चढून रेल्वे ड्वेलिंगपला आली आणि त्याच वर्षी गावाची अधिकृत नोंद झाली. भोवती गिरण्यांच्या वसाहती उठल्या : होलिओक, नांगा ब्रुक, मॅरिनप. लाकडी घरे, लाकडी शाळा, भुश्शाचे ढीग आणि सकाळचा भोंगा.

या काळात त्या रानातले नूंगार कोठे होते? १९०५ च्या कायद्याने राज्यातील प्रत्येक आदिवासी बालकाचा पालक हा सरकारी 'मुख्य संरक्षक' ठरला, आईबाप नव्हेत. संरक्षक हा शब्द किती सोयीने वापरता येतो! कॅरोलप आणि मूर रिव्हर येथील वसाहतींत कुटुंबे कोंबली गेली. १९२७ पासून १९५४ पर्यंत पर्थ शहराच्या मध्यभागी परवान्यावाचून फिरण्यासही नूंगार माणसाला बंदी होती. आपल्यासारख्या वाचकांनी या ठिकाणी परक्याच्या पापाकडे पाहतो आहोत असे समजू नये. ड्वेलिंगपच्या पूर्वेकडे वाँडरिंग येथे पॅलोटाइन धर्मगुरूंनी १९४४ मध्ये आदिवासी मुलांसाठी एक मिशन काढले. त्याला नाव दिले संत फ्रान्सिस झेवियर यांचे. ज्या संताच्या पवित्र अवशेषांसमोर आपण जुन्या गोव्यात गुडघे टेकतो, त्याच्याच नावाच्या छताखाली आईपासून दूर केलेली नूंगार मुले वाढली. तेथे झटणाऱ्यांच्या सद्‌हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. मुलांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले. पण ज्याची चूल विझवून त्याला आपल्या चुलीवरचे अन्न दिले, त्याने आभार मानावेत ही अपेक्षा कशी करावी? 'चोरलेल्या पिढ्यां'विषयीचा राष्ट्रीय अहवाल १९९७ मध्ये आला. ओशनिया खंडासाठी भरलेल्या धर्मसभेतील महागुरुस्वामींनी, मुलांना कुटुंबांपासून बळाने तोडण्यात ख्रिस्तसभेच्या सदस्यांचा जो वाटा होता त्याबद्दल निःसंदिग्ध क्षमा मागितली. ती पोप जॉन पॉल दुसरे यांच्या २००१ च्या पत्रात नोंदली गेली आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनेही क्षमा मागितली.

आता पुन्हा रानाकडे. लाकूडतोडीला आळा घालण्यासाठी शास्त्रशुद्ध वनखाते हवे, या विचाराने १९१६ मध्ये चार्ल्स लेन-पूल यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १९१८ चा वन कायदा हे त्यांच्या परिश्रमांचे फळ. मोठ्या लाकूड कंपनीला दिलेल्या सवलतीवरून सरकारशी मतभेद झाल्यावर त्यांनी १९२१ मध्ये राजीनामा दिला. सत्तेपुढे न वाकणारा तो अधिकारी होता. ड्वेलिंगपशेजारील राखीव अरण्य आज त्यांचेच नाव मिरवते. मात्र या वनशास्त्राने आगीविषयी जो विचार मनाशी धरला होता, त्याची एक मुळी आपल्या देशात आहे. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कॅप्टन पिअर्सन यांनी आग पूर्णपणे रोखून दाखविली आणि ते साऱ्या ब्रिटिश साम्राज्यातील वनाधिकाऱ्यांचे आदर्श उदाहरण बनले. म्हैसूरच्या जंगलांत उमेदवारी केलेले डेव्हिड हचिन्स १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियात आले आणि त्यांचा ग्रंथ १९१६ मध्ये पर्थ येथेच छापला गेला. आग म्हणजे शत्रू, आग लावणारा आदिवासी म्हणजे अपराधी, हे समीकरण आपल्याकडील शेतकऱ्यांनीही सोसले आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजण्यावरून वनखात्याशी एवढा झगडा झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब ज्यांनी भाजला आहे त्या वडीलधाऱ्यांना विचारा. वारा पाहून, बांध पाहून, पाण्याची घागर जवळ ठेवून तो भाजावा लागतो.

तर जाराच्या अरण्यातून आग हद्दपार करण्याचे धोरण दशकानुदशके चालले. तोडलेल्या झाडांचे शेंडे, फांद्या, पाला यांचा थर जमिनीवर साचत गेला. मध्यंतरी महायुद्ध येऊन गेले. मॅरिनप येथे १९४३ ते १९४६ या काळात युद्धकैद्यांची छावणी होती. इटालियन आणि जर्मन कैदी पर्थकरांसाठी जळाऊ लाकूड तोडीत. ऑस्ट्रेलियात आलेल्या इटालियन कैद्यांपैकी पुष्कळजण हिंदुस्थानातील छावण्यांतून तेथे पाठविलेले होते. बिचाऱ्यांनी दोन खंडांचा उन्हाळा सोसला! १९५४ पासून वनखात्याचे धोरण बदलू लागले. ठरवून, हलकी आग लावून पाचोळा कमी करावा असे ठरले. पण काम हळूहळू चालले होते आणि रान वाट पाहणार नव्हते.

१९ जानेवारी १९६१ रोजी कोरड्या वादळात अनेक ठिकाणी वीज पडून वणवे पेटले. पाच दिवस माणसे त्यांच्यामागे धावत होती. एक विझवावा तोवर दुसरा पुढे सरके. तापमान चाळीस अंशांवर गेलेले. २४ जानेवारीच्या सायंकाळी वाऱ्याने उग्र रूप धारण केले आणि आगीचा लोंढा ड्वेलिंगपवर आला. जळती साल वाऱ्यावर उडून पुढे पडायची आणि तेथे नवी आग उठायची. रात्र संपेपर्यंत गावातील सुमारे १३० घरे व इमारती भस्मसात झाल्या होत्या. इस्पितळ गेले, दुकाने गेली. सुमारे आठशे माणसे बेघर झाली. जळलेल्या अरण्याचे क्षेत्र १,४०,००० हेक्टरहून अधिक भरले.

आणि एकही माणूस दगावला नाही. धर्मगुरू असूनही 'चमत्कार' हा शब्द मी जपून वापरतो. येथे वापरावासा वाटतो, तरी गावाची कोंडी झालेली असताना एकमेकांना सोडून न गेलेल्या माणसांचे श्रेयही त्यात मिसळले पाहिजे. दुसऱ्या दिवशीची छायाचित्रे पाहणाऱ्याच्या मनातून जात नाहीत. लाकडी भिंती नाहीत, छप्पर जमिनीवर वाकडे झालेला पत्रा होऊन पडलेले, आणि ओळीने उभी आहेत ती फक्त विटांची धुराडी. घराघराची चूल तेवढी उरली होती.

ड्वेलिंगप पुन्हा बांधले गेले. होलिओक, नांगा ब्रुक आणि मॅरिनप पुन्हा उभी राहिली नाहीत. त्यांची नावे आज नकाशावर आहेत, वस्ती नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिणेकडचे कॅरिडेल हे जुने गिरणीगावही जळाले. चौकशीसाठी जी. जे. रॉजर यांचा शाही आयोग बसला आणि त्याच्या अहवालानंतर ठरवून जाळण्याच्या धोरणाला जोर आला. १९६५ पासून तर विमानातून आग पेरली जाऊ लागली. ज्या कृत्यासाठी नूंगार माणसाला शिक्षा होत असे, तेच कृत्य सरकारी गणवेशात, नकाशा व वाऱ्याचे गणित घेऊन सुरू झाले. हे ज्ञान वाईट नाही. त्याने पुष्कळ गावे वाचली असतील. पण पायी चालत, हिरवी फांदी हातात घेऊन, पक्ष्यांची घरटी माहीत असलेल्या माणसाने लावलेली आग आणि आकाशातून टाकलेली आग या दोन्ही एकच आहेत, असे मला वाटत नाही. तेथील कित्येक नूंगार वडीलधारी मंडळी आणि आता काही वैज्ञानिकही हेच म्हणतात.

आगीवाचूनही त्या रानावर घाला पडत राहिला. जाराची झाडे कारणावाचून वाळत होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास फ्रँक पॉजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मुळे कुजविणारा एक परका सूक्ष्मजीव, फायटोप्थोरा, मातीतून पसरतो आहे, आणि तो गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर प्रवास करतो. १९६३ पासून जाराडेलजवळ बॉक्साइटच्या खाणी सुरू झाल्या, पुढे त्या ड्वेलिंगपच्या बाजूलाही आल्या. २०१६ च्या जानेवारीत पुन्हा वीज पडली, ड्वेलिंगपच्या दक्षिणेकडील लेन-पूल अरण्यात. त्या वणव्याने यारलूप हे गाव घेतले आणि या वेळी दोन जीवही घेतले. १ जानेवारी २०२४ पासून राज्यातील नैसर्गिक सरकारी अरण्यांतील व्यापारी लाकूडतोड थांबली. दीडशे वर्षांची कुऱ्हाड खाली ठेवली गेली. खाणीसाठी होणारी तोड मात्र या बंदीबाहेर आहे. आणि त्याच उन्हाळ्यात पावसाअभावी नैऋत्येकडील अरण्याचे मोठमोठे पट्टे तपकिरी पडले.

जमिनीच्या हक्काची गोष्ट सांगायची राहिली. २००६ मध्ये न्यायमूर्ती विल्कॉक्स यांनी पर्थ परिसरावर नूंगारांचा मूळ हक्क टिकून असल्याचा निकाल दिला. २००८ मध्ये वरच्या पीठाने तो रद्द केला. मग वाटाघाटी. २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने नूंगार लोकांना या भूमीचे परंपरागत मालक म्हणून मान्यता देणारा कायदा केला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सहा करार अमलात आले. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर मुलूख, अंदाजे तीस हजार माणसे, १.३ अब्ज डॉलर किमतीचा समझोता, आणि ३,२०,००० हेक्टरपर्यंत जमीन टप्प्याटप्प्याने नूंगार विश्वस्त निधीकडे. त्या बदल्यात मूळ हक्काचा दावा कायमचा सोडावा लागला. समाजात त्यावरून दुफळी झाली. काहींनी न्यायालयात विरोध केला. वडिलोपार्जित जमीन देऊन मोबदला घेतलेल्या कुटुंबात जेवताना जी शांतता असते, ती आपल्या किनारपट्टीवरील पुष्कळ घरांनी अनुभवली आहे. तेव्हा त्यांच्यातील कोण बरोबर, हे इतक्या दुरून ठरविण्याचा अधिकार मला नाही.

त्या सहा करारांपैकी ज्या एका करारात पिंजारा आणि ड्वेलिंगपचा मुलूख येतो, त्या प्रदेशाला नूंगारांनी स्वतः नाव दिले आहे. ते नाव सरकारी दप्तरात तसेच्या तसे नोंदले गेले : 'ग्नाला कारला बूजा'. बूजा म्हणजे भूमी, ग्नाला म्हणजे आमच्या, आणि कारला म्हणजे मूरने १८४२ मध्ये ज्याचे दोन अर्थ लिहून ठेवले होते, तोच शब्द.